ताळा

ट्रेझरीत ताळा जुळला नाही
तर कुणी उठत नाही खुर्चीवरून.
एकदा छत्तीस रुपयांसाठी
आम्ही चौघी रात्री साडेनऊपर्यंत बसलो,
शेवटी एर्मेलिंदाबाय म्हणाल्या,
नऊने भाग जातो ना? मग आकडे उलटे पडलेत कुठेतरी.
सदतीसचे त्र्याहत्तर झाले होते.

पाच किलोमीटर: अठ्ठावीस मिनिटं, छत्तीस सेकंद.
मला अठ्ठावीस हवीत. पुरी.
छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच,
त्याची पाठ माझ्याकडे, माझी त्याच्याकडे.

म्हणून पहाटे सव्वापाचला रायबंदरच्या कॉजवेवर.
एका हाताला मांडवी, एका हाताला मिठागरं,
समोर दिव्यांचे खांब.
पास्कोआल सरांनी हिशेब सोपा ठेवलाय:
चार खांब जोरात, दोन खांब चालत,
आठ वेळा.
ते स्वतः धावत नाहीत आता, गुडघा गेला.
स्कूटर स्टँडवर लावून कठड्यावर बसतात,
मांडीवर शाळेतली जुनी हजेरीवही,
कानामागे पेन्सिल.

पहिल्या आठवड्यात पाचव्या फेरीला
मी कठडा धरून ओकले.
खाली गरवत बसलेल्या पोरानं वर पाहिलं,
आणि गळ थोडा पलीकडे टाकला.

मंगळवारी जोर. गुरुवारी चिंबलची चढण.
बाकीचे दिवस सावकाश,
आणि सावकाश हेच अवघड.
"ल्हव, ल्हव," सर ओरडतात, "आयज घाय ना!"
घाई नाही? मग मी आले कशाला?
काठी टेकत फिरायला निघालेले एक म्हातारे
मला मागे टाकून गेले,
वर टोपी उचलून म्हणाले, देव बरो दीस दिवं.

ऑफिसात टेबलाखाली पोटऱ्या चोळते.
बिलावर सही करताना मनात खांब मोजते.
घरी धुवायच्या बादलीत टी-शर्ट,
पाठीवर मिठाची पांढरी रेघ,
नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी.

एक दिवस सरांनी वही माझ्याकडे फिरवली.
पहिला किलोमीटर पाच बावीस. दुसरा पाच चाळीस.
तिसरा सहा चार.
चौथा पाच बावन्न, पाचवा पाच अडतीस.
सगळी गळती तिसऱ्यात,
जिथे सुरुवातीचा तोरा उतरलेला असतो
आणि शेवट अजून दिसत नाही,
टाळ्या वाजवायलाही कुणी उभं नसतं.
मी सेहेचाळीसची आहे.
सर काही बोलले नाहीत, मीही नाही.

मग त्यांनी बोटानं मानस दाखवली,
बांधातली ती लाकडी दारं.
भरती चढली की आपली आपण मिटतात,
ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतात.
"पयलीं भायर सोड," सर म्हणाले,
"भितर येवपाचें आपशींच येता."
इतकी वर्षं मी नुसती घेण्यासाठी धडपडत होते.

फेब्रुवारी. मिरामार.
बिल्ला चार पिनांनी छातीवर,
एक पिन उघडी राहिलेली, टोचणारी.
पहिल्या किलोमीटरला सगळे पुढे गेले, जाऊ दिले.
कांपालच्या बाजूला वळण घेतलं,
आणि तिथे, त्या ओसाड मधल्या तुकड्यात,
सोडलं. सोडलं. सोडलं.
तिसरा: पाच सदतीस.

घड्याळ: अठ्ठावीस शून्य चार.

चार सेकंद.
वळणावर पाण्याचा कप घेतला, ते?
शेवटी मागे वळून पाहिलं, ते?
की ती पिन?
चारला नऊने भाग जात नाही.

सरांनी पेन्सिल काढली, तारीख घातली,
आकडा लिहिला, खाली रेघ मारली,
माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वहीच दिली हातात.
माझी बोटं थरथरत होती, भुकेनं असेल.
नवं पान उघडलं,
आणि दर एक एप्रिलला लिहिते तसं
पहिल्याच ओळीत लिहिलं:

मागील शिल्लक, चार.